निळ्या गाडीवरचं लाल फडकं

लोक मला विचारतात, ती बाई लिहायला बसायची तरी कुठं? मी सांगते, मेलेल्या गाड्यांत. मग हसतात. हसू देत. ज्यांनी फुटलेल्या काचेत अडकलेले माणसाचे केस कधी पाहिले नाहीत, त्यांना हसायला काय जातं!

मी भंगाराच्या आवारात क्रेन चालवते. बावीस वर्षं झाली. धडकेत चेचलेल्या, जळालेल्या, पाण्यातून ओढून काढलेल्या, सगळ्या गाड्या शेवटी आमच्याकडं येतात. माझ्या क्रेनला हूक नाही, पाच नखांचा लोखंडी पंजा आहे. पंजा वरून उतरतो, नखं टपात नाहीतर खिडकीत घुसतात, गाडी उचलली जाते आणि प्रेसच्या तोंडात पडते. प्रेस म्हणजे गाडी दाबणारं यंत्र. आत जाते ती गाडी आणि बाहेर येतो तो बसायला घेता येईल एवढा ठोकळा. आवारात सगळे मला ताई म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही ठाऊक आहे मला. राग माझ्या नाकावर असतो. एकदा एका हमालानं माझ्या क्रेनच्या शिडीखाली उभं राहून काहीतरी अचकटविचकट म्हटलं, तर मी हातातला पान्हा त्याच्या खांद्यात घातला. हाड मोडलं त्याचं. आता सकाळी सगळ्यांत आधी तोच नमस्कार करतो.

ती आमच्या वजनकाट्यावर होती. भरलेली लॉरी काट्यावर चढली की ही खोक्याएवढ्या खोलीतल्या खिडकीतून वजन बघायची आणि चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. म्हणून तिला सगळे काटेवाली म्हणायचे. बारीक अंगाची बाई. आवाज इतका हळू की ड्रायव्हर लोक दोन-दोनदा "काय?" करायचे. पहिल्या दिवशी मी तिला पाहिलं तेव्हा तिचा डावा डोळा सुजून मिटला होता.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"दार लागलं."

"दाराला मिशा आहेत का गं?"

ती खुदकन हसली. हसली तेव्हा दिसलं, पुढचा एक दात अर्धाच होता.

दुपारच्या सुट्टीत ती गायब व्हायची. मला वाटायचं, कुठंतरी सावलीला पडत असेल. एके दिवशी मी एक पांढरी गाडी उचलायला घेतली. दोनदा हॉर्न दिला, पंजा खाली सोडला, आणि टपापासून हातभर अंतर उरलं असताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ही बाहेर आली. छातीशी वही धरलेली. दांडा ओढून पंजा थांबवला, शिडीवरून खाली आले आणि तिच्या कानाखाली वाजवली.

आणि तिनं काय करावं? ती रडली नाही, ओरडली नाही. दुसरी बसणार हे धरून चालल्यासारखं तिनं कोपर वर करून चेहरा झाकला. इतकं सवयीनं केलं ते की माझी मलाच लाज वाटली. घरी कुणीतरी मारतंय हिला, आणि त्यात मी भर घातली.

"काय करत होतीस आत?"

"लिहीत होते."

"काय लिहीत होतीस?"

"खून," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला आवाराचा कायदा शिकवला. गाडीच्या आत शिरून कुणी काम करत असेल, बॅटरी काढत असेल, वायरी ओढत असेल, तर त्यानं आरशाला लाल फडकं बांधायचं. फडकं असेल त्या गाडीकडं पंजा जात नाही. आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अगदी मालकानंसुद्धा नाही. माझ्या आधीच्या क्रेनवाल्याच्या वेळी एका शहाण्यानं आपल्या गाडीला हवं म्हणून दुसऱ्याचं फडकं सोडून नेलं. ज्याचं ते फडकं होतं तो फिटर तेव्हा डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरी कापत होता. ठोकळा बाहेर आला तेव्हा त्यातून तेल गळतंय असं वाटलं लोकांना. तेल लाल नसतं. तो क्रेनवाला दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही, म्हणून ही खुर्ची माझ्याकडं आली.

हे सगळं ऐकून एखादी बाई आवारात पाऊल टाकायची बंद झाली असती. हिनं विचारलं, "ताई, तो फिटर ओरडला होता का?"

मी कपाळावर हात मारला आणि तिला एक फडकं दिलं.

हळूहळू कळत गेलं. तिचा नवरा टायरवाला. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं, आमच्या आवारातून जुने टायर न्यायचा. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. "ताई, आमची ही नीट काम करते ना? वेंधळी आहे हो, सांभाळून घ्या." असं म्हणायचा आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची. घरी तिला टेबल होतं, खिडकी होती, खुर्ची होती. टेबल त्यानंच आणून दिलं होतं, लग्नानंतर, हौसेनं. मग एक दिवस ती लिहीत असताना त्यानं मागून खुर्ची ओढली. हनुवटी टेबलावर आपटली, दात गेला. का ओढली? तर हाक मारल्यावर ओ दिली नाही म्हणून. दुसऱ्यांदा त्यानं तिचा हात ड्रॉवरमध्ये असताना ड्रॉवर लाथेनं बंद केला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. तिसऱ्यांदा तिची वही दुकानात नेली. ट्यूब कुठं फुटलीय ते बघायला पाण्याचं घमेलं असतं ना, त्यात गिऱ्हाइकांसमोर ती वही बुडवली आणि शाई सुटेपर्यंत हातानं दाबून धरली. गिऱ्हाइकं हसली म्हणे.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी दुसऱ्या दिवशी परत लिहायला घेतलं. पण घरी हात चालेना. कान मागं लागलेले असतात सारखे. गाडीत दार आतून लावता येतं, ताई. खुर्ची कुणी ओढू शकत नाही, ती बोल्टनं बसवलेली असते."

बसायचीही ती ड्रायव्हरच्या जागेवरच. स्टिअरिंगवर एक फळी आडवी टाकायची, फळीवर वही. अंगठा आणि दोन धड बोटं यांत पेन धरून लिहायची. नवी गोष्ट सुरू करायची तर आधी गाडी निवडायची, आणि गाडी निवडायची तर साधीसुधी चालायची नाही. ज्यात कुणीतरी गेलंय अशीच हवी. मला विचारायची, ही कुठून आली, कशी आपटली, किती जण होते. मग स्वतः बघायची. काचेत डोक्याएवढं जाळं कुठं पडलंय, पट्टा कापला कुठं, सीटवरचा डाग किती खोल गेलाय. एकदा तिला डॅशबोर्डमध्ये रुतलेला दात सापडला. तिनं तो आपल्या अर्ध्या दाताशेजारी धरून आरशात बघितला. मला म्हणाली, "माझ्याहून मोठा होता बिचारा." मी तोंड फिरवलं. मी, जिनं हजारो गाड्या चिरडल्या, तिनं तोंड फिरवलं!

तिच्या पुस्तकांवर पुरुषाचं नाव असायचं. प्रकाशकाचंच म्हणणं तसं. बाईनं लिहिलेले खून कोण विकत घेणार, म्हणाला तो. वाचकांना वाटायचं, लेखक कुणी निवृत्त पोलीस अधिकारी असणार. पहिलं पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर पिस्तूल होतं आणि आत पिस्तूल कुठंच नव्हतं, सगळे पान्ह्यानं आणि जॅकनं मेलेले. जेवणाच्या सुट्टीत मी ते हमालांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते जेवायचे थांबले. तो खांदा मोडलेला हमाल पान्ह्याच्या प्रसंगाला उठून लांब जाऊन बसला, त्यावरून त्याची आठवडाभर टर उडवली सगळ्यांनी.

मी तिला चुकाही काढून दाखवायचे. "तुझा खुनी मारायच्या आधी दोन पानं बोलतो. खरा मारणारा बोलतो का गं?"

ती विचार करायची. "नाही. आमचा तर शिट्टी वाजवत असतो," म्हणायची. पुढच्या पुस्तकात खुनी शिट्टी वाजवायला लागला. ते पुस्तक फार खपलं.

मी कितीदा म्हटलं असेल, "एकदा आण त्याला इकडं. ठोकळा करून देते, घरी बसायला घे."

"नको, ताई. मग मी शेवट काय लिहू?"

कारण आता ती त्याच्यावरच लिहीत होती. मोठं पुस्तक. त्यात खून नव्हता, पोलीस नव्हते, एक घर होतं आणि त्यात एक टायरवाला होता. त्यासाठी तिनं एक निळी गाडी निवडली. डावी बाजू पार आत गेलेली, ड्रायव्हरची बाजू अगदी धड. गाडी चालवणारी बाई वाचली होती आणि शेजारी बसलेला गेला होता. "हीच," ती म्हणाली. "ह्याच गाडीत होईल ते." एक जाडजूड रजिस्टर घेतलं आणि सुरू केलं. रजिस्टर ती घरी न्यायचीच नाही. सीटखाली ठेवायची, आरशाला फडकं बांधलेलं असायचं, आणि मी वरून लक्ष ठेवायचे. दोन वर्षं ती निळी गाडी जागची हलली नाही. तिच्या आजूबाजूचे ढीग आले आणि गेले. मालक माझ्या मागं हात धुऊन लागला होता, "ही कशाला अडवून ठेवलीय? दाबून टाक!" मी म्हणायचे, "फडकं आहे मालक." फडक्यापुढं त्याचंही काही चालत नव्हतं.

दुसरी प्रत नव्हती. टाइप करून ठेव म्हटलं तर म्हणायची, आधी संपू दे. त्या रजिस्टरशिवाय ते पुस्तक जगात कुठंच नव्हतं, आणि ती मला म्हणाली होती, "ताई, हे गेलं तर मला परत नाही जमायचं. खून कितीही लिहीन. हे एकदाच निघतंय."

त्या सकाळी ती आली तेव्हा ओठ फाटलेला होता आणि चेहरा मात्र उजळलेला. "शेवटचं प्रकरण राहिलंय. दुपारी बसते. शुक्रवारी प्रकाशकाला देणार. आज संपलं की मी फडकं सोडीन. सोडलेलं दिसलं की ने तू गाडी. मालकालाही आनंद होऊ दे."

"आणि मी काय करू आनंदात?"

"तू दोन हॉर्न दे," ती म्हणाली.

दुपारी मला मागच्या टोकाला बोलावलं. तिथं एक ढीग कलंडला होता, तो सारखा करायचा होता. दीड तास गेला. त्या दीड तासात काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. एका कारखान्याच्या नऊ लॉऱ्या एकदम आल्या आणि काटेवालीला जागेवरून उठताच आलं नाही. आणि आमचा एक हमाल, तोंडाला कुलूप नसलेला, आदल्या दिवशी टायर बदलायला गेला होता, तिथं टायरवाल्याला म्हणाला होता, "तुमच्या बाईंचं नवं पुस्तक तुमच्यावरच आहे म्हणे. निळ्या गाडीत बसून लिहितात."

टायरवाला फाटकातून आत आला. रोजचा माणूस, टायर न्यायला आला असेल म्हणून कुणी हटकलं नाही. त्याला निळी गाडी सापडली. फडक्याचा अर्थ त्याला पुरता माहीत होता, इतकी वर्षं येत होता तो आवारात. त्यानं फडकं सोडून खिशात घातलं. म्हणजे आता पंजा येईल आणि गाडी जाईल, गाडीबरोबर बायकोचं लिखाणही जाईल, त्याला बोट लावायला नको. एवढं करून तो निघून गेला असता तर पुस्तक गेलं असतं आणि तो सुखरूप राहिला असता. पण नाही. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय राहवेना. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, रजिस्टर काढलं आणि एकेक पान वाचून टराटरा फाडायला लागला.

मी तीनच्या सुमाराला परत आले. वर चढले, केबिनमधून बघितलं. निळ्या गाडीच्या आरशाला फडकं नव्हतं.

काय सांगू मला काय वाटलं! मी केबिनमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. झालं! संपवलं पोरीनं! समोरची काच जाळी पडून पांढरी झाली होती, आतलं काही दिसत नव्हतं, आणि बघायचंही कशाला? फडकं नाही म्हणजे ती सोडून गेली. हॉर्न दोनदा द्यायचा असतो, दोन्हींच्या मध्ये दहा आकडे मोजायचे असतात. पोलिसांना मी सांगितलं, दोनदा दिला. तुम्हाला खरं सांगते, एकदाच दिला. आनंदानं डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. पंजा सोडला, नखं टपात आणि खिडकीत घुसली, मी दांडा ओढला आणि गाडी उचलली.

दोन पुरुष उंचीवर गेली असेल. खालून काच पडली. काचेमागून कागद पडले. निळ्या शाईनं भरलेले कागद, हवेत गरगरत खाली यायला लागले. तिचं अक्षर मी शंभर हात लांबून ओळखेन.

मला वाटलं, आत ती आहे. मी मारलं तिला. माझ्या हातानं, माझ्या ह्या पंजानं. आणि मग गाडीतून किंकाळी आली. पुरुषाची.

लाज वाटत नाही मला हे सांगायला, त्या किंकाळीनं माझ्या जिवात जीव आला. मग दार लोंबकळत उघडलं आणि मला तो दिसला. एक नख खिडकीतून आत जाऊन त्याच्या मांडीतून आरपार सीटमध्ये रुतलं होतं. दारातून रक्ताची धार लागली होती. एका हातानं तो नख उपसायला बघत होता, दुसऱ्या हातात रजिस्टर होतं. प्रेस चालू होती. माझ्या डाव्या हाताखाली दांडा होता. तो ढकलला की तीन सेकंदांत गाडी प्रेसच्या तोंडावर येते, आणि पंजा उघडला की संपलं.

मी तो ढकलला नाही. आणि गाडी खालीही घेतली नाही. मी धरून ठेवलं त्याला. तिची बोटं आठवली, दात आठवला, ते घमेलं आठवलं. खाली हमाल जमले होते, "ताई, माणूस आहे! ताई, खाली घ्या!" ओरडत होते. तो वर शिव्या घालत होता, मग शिव्या संपल्या आणि नुसताच "आई गं, आई गं" करायला लागला. माझा डावा तळवा दांड्यावरच होता.

तेवढ्यात ती आली. हातात चिठ्ठ्यांचं बुक तसंच, काट्यावरून धावत आलेली. गाडीखाली उभी राहिली, वर बघितलं. रक्त तिच्या चपलेशेजारी पडत होतं, ती सरकली नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं नुसता प्रेसकडं हात केला असता ना, तर देवाशपथ, मी दांडा ढकलला असता. पुढं काय व्हायचं ते होवो.

तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मला प्रेसच्या वर ऐकू आला.

"खाली घे! हळू घे! रजिस्टर आहे आत!"

घेतली. अंडं ठेवावं तशी ठेवली. हमाल नख कापायला धावले, मालक रुग्णवाहिकेसाठी फोनवर किंचाळत होता. ती दुसऱ्या बाजूनं, त्या चेपलेल्या बाजूनं, सरपटत आत शिरली. त्यानं रजिस्टर सोडलं नाही. भीतीनं मूठ आवळली गेली होती त्याची. तिनं आपल्या वाकड्या बोटांनी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि रजिस्टर काढून घेतलं. तो म्हणाला, "पाणी." तिनं हमालाला सांगितलं, ह्यांना पाणी द्या, आणि बाहेर येऊन पानं मोजायला बसली.

पहिली चाळीस पानं फाडलेली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ती आवारभर फिरून गोळा केली, तेलाच्या डबक्यांतून, ढिगांच्या फटींतून. तो खांदा मोडलेला हमाल तर एका पानासाठी प्रेसच्या काठावर चढला. सदतीस सापडली. चाळीसच्या पुढं एकही पान फाटलेलं नव्हतं. चाळिसाव्या पानाच्या पुढं ड्रॉवरचं प्रकरण सुरू होत होतं. पोलिसांनी दवाखान्यात त्याला विचारलं, हॉर्न ऐकू आला नाही का? तो म्हणाला, "वाचत होतो."

पोलिसांना लाल फडकं त्याच्याच खिशात सापडलं, म्हणून मी सुटले. त्याचा पाय काही वाचला नाही. मांडीपासून काढला.

आता ऐका. दवाखान्यात त्याच्या वस्तूंचं गाठोडं तिच्या हातात दिलं. घड्याळ, पट्टा, किल्ल्या आणि ते फडकं. पोलिसांचे फोटो काढून झाले होते, त्यांना ते नको होतं. मला वाटलं, ती घरी जाईल. ती वॉर्डात गेली. एक स्टूल ओढलं, त्याचा हात किती लांब पोचतो ते डोळ्यांनी मोजलं, आणि त्याच्या वितभर पलीकडं स्टूल ठेवलं. पलंगाच्या दांडीला लाल फडकं बांधलं. मग मांडीवर रजिस्टर घेऊन राहिलेलं शेवटचं प्रकरण लिहायला बसली.

नर्सनं विचारलं, "हे काय बांधलंत?"

"आमच्या कामाच्या ठिकाणची पद्धत आहे," ती म्हणाली.

पाच दिवस ती सकाळी यायची, फडकं बांधलेलं आहे ना बघायची आणि संध्याकाळपर्यंत लिहायची. तो बघत पडलेला असायचा. फडकं दांडीला आहे ना, ते पुन्हा पुन्हा बघायचा. नर्सा एकमेकींत म्हणायच्या, काय सेवा करते बाई नवऱ्याची, जागची हलत नाही. मी रोज काम सुटलं की डबा घेऊन जायचे. हे ऐकलं की मला तोंडावर हात धरावा लागायचा. एकदा मी तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "अगं, एवढ्या जागा सोडून इथं कशाला?"

"ह्याच्यासमोर बसून लिहायचं होतं एकदा," ती म्हणाली. "आणि त्याला उठता येत नाही, ताई. इतकी चांगली जागा मला आजवर मिळाली नव्हती."

पाचव्या दिवशी मी दारात उभी होते तेव्हा तिनं शेवटची ओळ लिहिली. पेनला टोपण लावलं, रजिस्टर पिशवीत घातलं. स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं. मग परत पलंगापाशी आली आणि दांडीचं फडकं सोडलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बांध," तो म्हणाला. मग ओरडायलाच लागला, "बांध ते! परत बांध!" दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरली त्यानं, उरलेला पाय झाडायला लागला. सलाइनचा स्टँड कोसळला, नर्सा धावल्या. आणि तो तिच्याकडं बघतच नव्हता. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघत होता. मी काही केलं नाही. मी हातात डबा घेऊन उभी होते फक्त.

तिनं फडक्याची घडी करून पिशवीत टाकली. एका नर्सनं घाईघाईत विचारलं, "तुम्ही कुठं निघालात? उद्या किती वाजता येणार?"

"माझं इथलं काम झालं," ती म्हणाली.

जिन्यापर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि मीही तिला बघायला लावलं नाही. अर्धा जिना उतरल्यावर मला आठवलं म्हणून विचारलं, "ह्या पुस्तकावर नाव कुणाचं टाकणार गं? त्या पोलीस अधिकाऱ्याचं?"

"माझं," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली की खालून वर येणारा वॉर्डबॉय बाजूला झाला.